कपाटातली बुरशी: आधी एक दुरुस्ती छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत "गृहिणींनो, कपाटाला बुरशी आलीय? हे सोपे उपाय करा" अशी चौकट आली होती, त्यातला चौथा उपाय वाचला आणि माझा चहा तसाच राहिला. स्प्रेच्या बाटलीत पांढरं व्हिनेगर घ्या, त्यात थोडं ब्लीच घाला, कपाटात आतून फवारा आणि दार लावून ठेवा, असं लिहिलंय. अहो, ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, त्यात कुठलंही आम्ल पडलं, व्हिनेगर असो, लिंबू असो नाहीतर संडास धुवायचं ते निळं लिक्विड असो, की क्लोरीन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात १९१५ ला बेल्जियममध्ये ईप्र गावाजवळ जर्मनांनी सैनिकांवर सोडला होता तोच वायू. आणि इथे आपण बायकांना सांगतोय की कपाटात डोकं घालून फवारा. ते सगळ्यात आधी मागे घ्या, आणि आतल्या पानात कोपऱ्यात बारीक अक्षरात नको, जिथे ती चौकट होती तिथेच तेवढीच चौकट छापा. अमोनिया असलेलं काच पुसायचं लिक्विडसुद्धा ब्लीचमध्ये घालायचं नाही हेही त्यात लिहा, त्यातूनही विषारी वायूच निघतो.

खरं तर एवढंच लिहायला बसले होते, पण बाकीचे उपाय पण वाचले (कापूर, डांबरगोळ्या, बेकिंग सोडा, "दार उघडं ठेवून हवा खेळती ठेवा") आणि गेली दोन अडीच वर्षं माझ्या घरात जे चाललंय ते आठवलं, म्हणून जरा लांबतंय, कापायचं तर कापा.

मी डोंबिवलीला राहते, ३१ वर्षं हायस्कूलला सायन्स शिकवलं. सापेक्ष आर्द्रता, दवबिंदू, थंड पाण्याच्या ग्लासावर बाहेरून थेंब का येतात, हे मी दरवर्षी तोच ग्लास टेबलावर ठेवून मुलांना सांगितलंय, आणि माझ्या स्वतःच्या कपाटामागे तोच प्रयोग रोज रात्री चालला होता तो मला दोन वर्षं दिसला नाही. लाज वाटते पण लिहिते.

२०२३ ला गौरीच्या आदल्या दिवशी मधल्या खोलीतलं वॉर्डरोब उघडलं, गौरींच्या साड्या आणि मुखवटे खालच्या कप्प्यात असतात. दार उघडल्याबरोबर तो कुबट वास. मग बघितलं तर मागच्या प्लायवर हिरवट काळे ठिपके, चामड्याच्या पर्सवर पांढरा भुरभुरीत बुरा, नवऱ्याच्या कोल्हापुरी चपला तर ओळखू येईनात, आणि कप्प्यांत खाली अंथरलेले पेपर, ते तुमचेच हो, कारण आमच्याकडे तुमचाच येतो, त्यांवर अग्रलेखाच्या जागी मखमल उगवलेली. हसू नका. वर्तमानपत्राचा कागद म्हणजे लाकडाचा लगदा, ओल धरून ठेवतो आणि बुरशीला खायला पण होतो. दर पंधरा दिवसांनी बदलला तर ओल शोषून उपयोग होतो, पण आपण दिवाळीला घातलेला कागद पुढच्या दिवाळीला काढतो. त्याच कागदावर बारीक पांढुरके किडे पळत होते, ते बुरशीच खातात हे मला नंतर कळलं, मी आधी त्यांच्यावरच फवारा मारून मोकळी झाले होते.

माझी पैठणी वाचली कारण ती आईने दिलेल्या जुन्या मलमलच्या कापडात बांधून वरच्या कप्प्यात होती. सुती साड्या गेल्या, सगळ्यात जास्त त्या ज्या मी कडक खळ करून, इस्त्री करून, हौसेने रचून ठेवल्या होत्या. खळ म्हणजे स्टार्च, बुरशीला आयतं जेवण. आजी पावसाआधी साड्यांची खळ धुवून मग ट्रंकेत ठेवायची, आम्हाला वाटायचं म्हातारीला काम पुरत नाही.

आता हे नीट लिहायला पाहिजे कारण सगळ्यांचं इथेच चुकतं. बुरशी आली म्हटल्यावर मी पण तेच केलं, पुसली. त्या वर्षी ब्लीचच्या पाण्याने पुसली, सुंदर पांढरं दिसायला लागलं, दिवाळीपर्यंत आली नाही आणि मी शेजारपाजारी सल्ले देत सुटले. आली नाही कारण ऑक्टोबर हीट सुरू झाली होती, माझ्या ब्लीचचा त्यात काही वाटा नव्हता. २०२४ च्या जुलैत परत तशीच. ब्लीच टाईल्सवर, काचेवर चालतं, लाकडात आणि प्लायमध्ये त्यातलं औषध वरच राहतं आणि पाणी मात्र आत मुरतं, म्हणजे आपणच तिला पाणी पाजतो. आणि मेलेली बुरशी पण ॲलर्जीला तेवढीच वाईट, त्यामुळे नुसती मारून भागत नाही, ओल्या फडक्याने साबणाच्या पाण्याने पुसून तिथून काढावी लागते आणि मग ती जागा खडखडीत वाळवावी लागते.

डांबरगोळ्यांबद्दल तर बोलायलाच नको. त्या कसरीसाठी आहेत, बुरशीला घरात वापरतो तेवढ्या गोळ्यांनी काही होत नाही, फक्त कुबट वासावर दुसरा वास चढतो. त्यात नॅफ्थलीन असतं, युरोपात २००८ पासून त्या गोळ्या विकायला बंदी आहे. काही बाळांच्या रक्तात जी-६-पी-डी नावाचं एन्झाइम कमी असतं, अशा बाळाला डांबरगोळ्यांत ठेवलेलं दुपटं न धुता गुंडाळलं तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटून कावीळ होऊ शकते. नातवंडांची झबली दुपटी डांबरगोळ्या घालून जपून ठेवणाऱ्या आज्यांनो, हे कृपया वाचा. कापूर छान वास देतो. वेखंड, कडुलिंबाचा पाला, लवंगा, सगळं किड्यांसाठी ठीक आहे, मीही ठेवते. पण ओल त्यातलं काहीही कमी करत नाही.

तर परत बुरशी आली म्हटल्यावर आमचं सगळ्यांचं एकमत झालं की ओल बाहेरून येते. कपाटाची एक बाजू बाहेरच्या भिंतीला लागून, ती भिंत पश्चिमेची, आणि आपल्याकडे पाऊस नैऋत्येकडून झोडतो, त्यामुळे संशय घ्यायला जागा होती. मी सोसायटीला पत्र दिलं. मग दुसरं दिलं. मग जनरल बॉडीत बोलले, जरा जास्तच बोलले. मॉडेल बायलॉजप्रमाणे पावसाचं पाणी बाहेरून झिरपत असेल तर तो खर्च सोसायटीचा आणि घरातल्या बाथरूम सिंकची गळती असेल तर ती ज्याच्या त्याच्या माथी, त्यामुळे सेक्रेटरी म्हणणार वरच्यांचं बाथरूम, वरचे म्हणणार बाहेरची भिंत, मी म्हणणार दोघांनीही काहीतरी करा. वरच्यांनी बिचाऱ्यांनी दोन दिवस बाथरूम वापरलं नाही, काही फरक नाही. सोसायटीने झुला लावून माणूस उतरवला, बाहेरून भेगा भरल्या, केमिकल मारलं. बुरशी होती तिथेच.

यंदा २०२५ ला तर २६ मेलाच मुंबईत पाऊस आला, एवढ्या लवकर आल्याची नोंदच नाही म्हणतात. आमची वाळवणं राहिली, गाद्या रजया उन्हात घालायच्या राहिल्या, आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यातच कपाट बोलायला लागलं. तेव्हा माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने, आता सिव्हिल इंजिनियर आहे, फोनवर सांगितलं, बाई, आधी फॉईल लावून बघा. पोळ्या गुंडाळायची ॲल्युमिनियम फॉईल. वीतभर तुकडा ओलसर वाटणाऱ्या भिंतीवर सपाट लावायचा, चारी कडा टेपने घट्ट बंद करायच्या, एक दोन दिवस ठेवायचा. फॉईलच्या मागे, भिंतीच्या बाजूला पाणी आलं तर ओल भिंतीतून येतेय, म्हणजे झिरप. खोलीच्या बाजूला, वरून पाणी आलं तर ओल हवेतली आहे, भिंत फक्त थंड आहे. एवढी साधी गोष्ट, खर्च दहा रुपये पण नाही, आणि आम्ही दोन वर्षं भांडत होतो.

मी दोन तुकडे लावले. एक बाहेरच्या पश्चिमेच्या भिंतीला, एक कपाटाच्या मागच्या भिंतीला, त्यासाठी मागच्या प्लायचा एक तुकडा कापून काढावा लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला बॅटरी घेऊन बघितलं. पश्चिमेचा तुकडा दोन्ही बाजूंनी कोरडा. मागच्या भिंतीवरचा, वरून थेंबच थेंब, बोट फिरवलं तर ओघळ आला, आणि सोलून काढला तर मागे भिंत कोरडी ठाक. त्या भिंतीच्या पलीकडे आमची बेडरूम आहे. आणि बेडरूममध्ये रात्रभर एसी, २० वर, कारण नवऱ्याला गरम होतं.

आता बघा काय होत होतं. जुलैत आपल्याकडे हवा समजा २८ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के, तर तिचा दवबिंदू येतो २५ च्या आसपास. म्हणजे २५ पेक्षा थंड जे काही असेल त्यावर पाणी जमणार, तो ग्लास असो नाहीतर भिंत. आमच्या आतल्या भिंती चार इंची. एका बाजूने २० चा एसी रात्रभर, दुसऱ्या बाजूला मधली खोली, जिथे एसी नाही आणि जिथे, हे पण लिहितेच, पावसाळाभर दोऱ्या बांधून पंख्याखाली चार माणसांचे कपडे वाळत असतात. मशीनमधून पिळून निघालेल्या कपड्यांत दीड दोन लिटर पाणी राहतं, ते "वाळलं" म्हणजे कुठे गेलं? खोलीतल्या हवेत. तिथून कपाटाच्या मागच्या फटीत, जिथे हवा हलत नाही, थंड भिंतीवर. पाणी आम्हीच आणत होतो, थंडी पण आम्हीच करत होतो, आणि सेक्रेटरींना पत्रं पाठवत होतो.

मी एक छोटं हायग्रोमीटर, म्हणजे हवेतली आर्द्रता टक्क्यांत दाखवणारं यंत्र, पण मागवलं, चारशेच्या आतबाहेर मिळतं, घड्याळासारखं असतं. हॉलमध्ये ७८, मधल्या खोलीत कपडे वाळत असताना ८८, कपाटात खालच्या कप्प्यात ९१. बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडे असतातच, ते घालवता येत नाहीत, त्यामुळे "बुरशीमुक्त घर" वगैरे जाहिरातींवर जाऊ नका. त्यांना पाणी मिळू द्यायचं नाही एवढंच आपल्या हातात आहे. आर्द्रता ६० च्या खाली ठेवली तर ती वाढत नाही, ७५-८० च्या वर काही दिवस सलग राहिली की कापड, कागद, चामडं, लाकूड, धूळ, काहीही चालतं तिला.

म्हणूनच तो "हवा खेळती ठेवा"वाला सल्ला माझ्या डोक्यात जातो. तो पुण्याला ठीक असेल, नागपूरला तर नक्कीच (तिथे मावशीकडे वेगळीच गंमत, ती कूलर जुलैपर्यंत खिडक्या लावून चालवते आणि मग दिवाणातल्या गाद्यांना वास येतो म्हणून कुरकुरते). पण डोंबिवली, अलिबाग, रत्नागिरी, पणजीला धो धो पावसात खिडक्या आणि कपाटाची दारं उघडी टाकून काय होणार, बाहेरची हवा आतल्यापेक्षा ओली. उघडीप पडली, लख्ख ऊन आलं, की मग दोन तास सगळं उघडा, पंखा कपाटाकडे तोंड करून लावा. संततधारेत उलट दारं बंद बरी.

ते बाजारात मिळतात ना ओल शोषणारे डबे, वर पांढरे दाणे आणि खाली पाणी साठतं, ते कॅल्शियम क्लोराइड, ते काम करतात, खरंच करतात, पण बंद जागेत. ज्या कपाटाची दारं नीट लागत नाहीत त्यात ठेवलात तर तो डबा बिचारा अख्ख्या डोंबिवलीची ओल पीत बसतो आणि आठवड्यात भरतो. आणि ते खारट पाणी सांडू देऊ नका, माझी उरलेली एक चामड्याची पर्स त्यात गेली. सिलिका जेलच्या निळ्या गोळ्या असतात त्या गुलाबी झाल्या की भरल्या असं समजायचं, मंद आचेवर तव्यात परतल्या की परत निळ्या, पण निळा रंग कोबाल्टचा असतो, स्वयंपाकाच्या तव्यात नका करू, एक जुना तवा वेगळा ठेवा. फोटोग्राफर मंडळी कॅमेऱ्याच्या लेन्सा घट्ट झाकणाच्या डब्यात याच गोळ्या घालून ठेवतात, कारण लेन्सच्या आत बुरशी गेली की काच कायमची जाते. सर्टिफिकिटं, जुने फोटो, खरेदीखत असल्या गोष्टींना मी आता तेच करते, कपाटावर विसंबत नाही.

सासरे हार्मोनियमच्या कपाटात झिरोचा बल्ब लावून ठेवायचे. आम्ही त्यांना हसायचो पण त्यामागे चोख सायन्स होतं, २८ अंशांची ८५ टक्केवाली हवा नुसती ३२ पर्यंत गरम केली तर तीच हवा ६७-६८ टक्क्यांवर येते, पाणी काढावं लागत नाही. चुलीवरच्या माळ्यावर ठेवलेलं काही बुरसटत नव्हतं ते पण त्यामुळेच, आणि धुरामुळे. पण आता हे करू नका, एक तर कपड्यांत तापलेला बल्ब म्हणजे आगीला आमंत्रण, आणि हल्लीचे एलईडी झिरो बल्ब गरमच होत नाहीत, त्यामुळे नुसती बुरशीला रात्री वाचायची सोय.

माझा खरा राग आहे तो या भिंतीभर, छतापर्यंत, भिंतीला चिकटवून ठोकलेल्या वॉर्डरोबांवर. आजीचं लाकडी कपाट चार पायांवर उभं, भिंतीपासून हात जाईल एवढं लांब, दारांना वर जाळी. आईचं गोदरेजचं कपाट, तेही पायांवर, पावसाळ्यात कधी भिंतीला टेकू दिलं नाही. भिंती चुन्याच्या, चुना अल्कधर्मी, बुरशीला सहसा मानवत नाही आणि दर दिवाळीला नवा हात. आता काय तर मिस्त्री येतो, थेट भिंतीवर फ्रेम ठोकतो, बाहेरून चकचकीत लॅमिनेट आणि मागे भिंतीकडची बाजू कच्ची प्लाय, कारण ती कोण बघणार. आम्हाला मिस्त्रीने छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, ताई, ७१० ची मरीन प्लाय आहे, पाण्यात बुडवा. खरं होतं त्याचं. आयएस ७१० ची प्लाय पाण्यात सुटत नाही कारण तिचा डिंक सुटत नाही. पण बुरशीला डिंकाशी काय करायचंय, ती प्लायच्या पृष्ठभागावर बसते, त्यावरच्या धुळीवर बसते. वॉटरप्रूफ म्हणजे बुरशीप्रूफ नाही हे मला पंचेचाळीस हजार घातल्यावर कळलं.

जुलैत तोच मिस्त्री परत बोलावला. तो म्हणाला असं कोणी करत नाही, मी म्हटलं मी करते. वॉर्डरोब सोडवून तीन इंच पुढे घेतलं, खाली पाय लावले, छताशी चार बोटं मोकळी सोडली, दारांना खाली आणि वर जाळीच्या चकत्या बसवल्या, मागच्या कच्च्या बाजूला पॉलिशचे दोन हात मारले. दिसायला पूर्वीइतकं भारी नाही दिसत. जाऊबाई म्हणाल्या मागे झुरळं होतील. होतील तर होतील, झाडू तरी जातो आता. एसी २६ वर आणि पंखा, यावर नवऱ्याशी तीन दिवस अबोला होता पण तेही झालं. कपडे आता बाथरूममध्ये दार लावून एक्झॉस्ट फॅन चालू ठेवून वाळतात. मशीनला जास्तीचं स्पिन लावते. आणि जे कपडे "जवळजवळ" वाळलेत ते कपाटात जात नाहीत, जीन्सचा खिसा आणि बनियनची शिवण हाताला लागल्याशिवाय नाही. ऑगस्टभर कपाटातलं रीडिंग ६४ ते ७० मध्ये होतं. ६० म्हणाल तर नाही झालं, पण ठिपका नाही आला एकही, आणि यंदा गौरी कोऱ्या वासाच्या साड्या नेसल्या.

साफ करताना मी काय केलं तेही सांगते कारण चौकटीत त्याबद्दल एक शब्द नाही. कोरड्या ब्रशने किंवा झाडूने झटकायचं नाही, घरभर बीजाणू उडतात. पंखा बंद, खिडकी उघडी, मधल्या खोलीचं दार बंद. कोविडचे उरलेले एन-९५ मास्क होते ते लावले, हातमोजे घातले, साबणाच्या पाण्यात पिळलेलं फडकं, एका फडक्याने दोनदा नाही पुसायचं, पिशवीत टाकून गाठ मारून कचऱ्यात. कपडे बाहेर गच्चीत उन्हात झटकून मग धुवायचे. रेशमी साड्या मात्र कडक उन्हात नको, रंग जातो, सावलीत वाऱ्यावर. त्यांवर व्हिनेगर पण नको, ड्रायक्लीनवाल्याला सांगून द्या की बुरशी आहे. चपला ओलसर फडक्याने पुसून, आत कागद कोंबून सावलीत. आणि दम्याचं कोणी असेल, केमो चालू असेल, तर त्या माणसाने हे काम करायचंच नाही, त्या दिवशी त्या खोलीत यायचंच नाही. ओलसर, बुरशीच्या घरात दमा, खोकला, शिंका वाढतात हे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ ला मार्गदर्शक सूचना काढून सांगितलंय. माझ्या नातवाला आमच्याकडे आलं की रात्री खोकला व्हायचा आणि मी सुनेला म्हणायचे तूच त्याला आईस्क्रीम देतेस.

एक मात्र आहे, घाबरू पण नका. २०२१ च्या कोविडनंतर काळं काही दिसलं की लोक "ब्लॅक फंगस" म्हणून किंचाळतात. तो म्युकरमायकोसिस, तो वेगळ्या जातीच्या बुरशीचा आजार, मुख्यतः साखर हाताबाहेर गेलेली आणि स्टिरॉइड चालू असलेल्या पेशंटना झाला, एकाचा दुसऱ्याला लागत नाही. कपाटातली काळी बुरशी म्हणजे तो नव्हे. रंगावरून जात ओळखायला पण जाऊ नका, काळी हिरवी पांढरी, कुठलीही असो काढायचीच आहे.

आणि हे सगळं वाचून कोणी सोसायटीवाला किंवा बिल्डर म्हणेल की बघा बाईच म्हणतायत, चूक घरातल्यांची असते, तर तसं नाहीये. माझ्या चुलतबहिणीने ठाण्याला नव्या टॉवरमध्ये घर घेतलं, ताबा मिळून तीन वर्षं झाली, तिच्या वॉर्डरोबमागे मी फॉईल लावायला लावली तर मागच्या बाजूला, भिंतीकडे, पाणी. सरळ सरळ झिरप. बिल्डरचा माणूस दोनदा येऊन पुट्टी आणि रंग मारून गेला, ओल्या भिंतीवर रंग म्हणजे जखमेवर टिकली, दोन महिन्यांत फुगून खपली पडली. आणि तिला तोंडी सांगितलं काय, तर "मॅडम तुम्ही घर बंद ठेवता". रेरा कायद्यात, २०१६ च्या, कलम १४ मध्ये स्पष्ट आहे की ताबा दिल्यापासून ५ वर्षांत बांधकामाचा किंवा कामाच्या दर्जाचा दोष निघाला आणि ग्राहकाने कळवला तर बिल्डरने ३० दिवसांत तो फुकट दुरुस्त करून द्यायचा, नाही दिला तर भरपाई. पण ते लेखीच कळवा, तारखेनिशी, फोटोनिशी. व्हॉट्सॲपवर "भाऊ जरा बघा ना" म्हणत पाच वर्षं काढली की गेलं. तिने आता रजिस्टर पोस्टाने पत्र दिलंय, फॉईलचे फोटो जोडून.

चिपळूणच्या आमच्या वन्संचं तर वेगळंच. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं, तिथे कसली फॉईल आणि कसलं रीडिंग. पार्टिकल बोर्डची कपाटं बिस्किटासारखी फुगून पडली, सरळ बाहेर काढली. भिंती बाहेरून वाळल्या म्हणून त्यांनी नवरात्रात घाईने रंग काढला, नवी कपाटं लावली, आणि पुढच्या पावसाळ्यात त्या नव्या कपाटांमागे सगळं काळं. भिंत पाणी प्यायली की आतून वाळायला महिने लागतात. त्यांच्याकडे आजेसासूबाईंचं सागवानी कपाट होतं, ते धुवून, दारं काढून, ओटीवर दोन महिने सावलीत ठेवलं होतं, ते अजून वापरात आहे.

तर संपादक साहेब, तुमच्या चौकटीला माझा दुसरा आक्षेप त्या "गृहिणींनो"ला आहे. बुरशी आली की घरात पहिलं बोट बाईकडे जातं, कपाट आवरत नाही म्हणून. मी दोन वर्षं पाहुणे आले की ते कपाट उघडायची नाही. एसी कितीवर लावायचा, कपाट कुठल्या भिंतीला ठोकायचं, मागे जागा सोडायची की नाही, हे ठरवताना मला कोणी विचारलं नव्हतं, पुसायची वेळ आली तेव्हा मात्र चौकट माझ्या नावाने. पुढच्या वेळी ती चौकट मिस्त्री, इंटिरियरवाले आणि घरातले एसीवाले यांच्यासाठी लिहा. आणि व्हिनेगर-ब्लीचची दुरुस्ती या रविवारीच घ्या, पाऊस अजून गेलेला नाही, बाटल्या भरून ठेवलेल्या असतील लोकांनी.

आपली,
एक वाचक, निवृत्त शिक्षिका
डोंबिवली (पूर्व)

ता. क. नाव छापू नका, आमच्या बिल्डिंगमध्ये बहुतेकांकडे तुमचाच पेपर येतो. सेक्रेटरींकडे मी घरी जाऊन सॉरी म्हणून आलेय, वरच्यांकडे पण. सेक्रेटरींनी चहा दिला आणि फॉईलचा रोल मागून घेतला, त्यांच्याकडे पण देवघराच्या मागे काहीतरी आहे म्हणे.